पान 1949 सालचं

'हिंदी फिल्म गीत कोश'चा दुसरा खंड उघडावा आणि 1949 सालात जाऊन 'महल' शोधावा. आधी चित्रपटाचं नाव. मग निर्मितीसंस्था बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक कमाल अमरोही, कलाकार अशोककुमार, मधुबाला आणि इतर, संगीत खेमचंद प्रकाश, गीतं नक्शब जारचवी. त्याखाली गाण्यांचे मुखडे, प्रत्येकासमोर गाणाऱ्याचं नाव. विशेषण एकही नाही. 'अजरामर' नाही, 'अवीट' नाही, 'सुवर्णकाळ' नाही.

आता हीच नोंद सावकाश वाचू या. गाणी सात. त्यातली तीन लता मंगेशकरांची. उरलेल्या चारांत राजकुमारी आहेत, आणि त्या चारांतल्या एकात त्यांच्या जोडीला जोहराबाई अंबालेवाली. म्हणजे गाणी मोजली तर 'महल' हा राजकुमारींचा चित्रपट ठरतो. आपल्या आठवणीत मात्र 'महल' म्हणजे एकच गाणं. झोपाळा, रिकामी हवेली, दुरून जवळ येत गेलेला आवाज आणि लताबाई. ती आठवण खोटी नाही. पण आठवण उरलेल्या सहा गाण्यांना दाराबाहेर उभं करते, आणि कोशाचं पान त्यांना आत घेऊन एका ओळीत बसवतं. ते पान वाचल्यावर राजकुमारींची चारही गाणी मी नव्याने ऐकली. त्या आवाजात घराण्यातल्या थोरल्या बाईचा सैलावलेला आत्मविश्वास आहे. खेमचंद प्रकाशांनी दोन पिढ्यांचे आवाज एकाच चित्रपटात शेजारीशेजारी ठेवले, ही गोष्ट चित्रपट पाहताना जाणवत नाही. यादी वाचताना ती लख्ख दिसते.

त्याच सालाची पुढची-मागची पानं चाळावीत. 'बरसात', 'अंदाज', 'बडी बहन', 'दुलारी', 'लाहोर', 'बाजार', 'पतंगा'. शमशाद बेगम अजून जोरात आहेत, सुरैया स्वतःच्या भूमिकांसाठी स्वतः गातायत, गीता दत्त तेव्हा गीता रॉय आहेत, आणि लता हे नाव पानागणिक दाट होत चाललंय. आधीच्या दोन-तीन वर्षांत ते कुठेकुठे एखाददुसरं दिसतं. ज्याला आपण 'लतायुगाची सुरुवात' म्हणतो, ती इथे कोणाच्याही मताशिवाय, निव्वळ नावांच्या गर्दीवरून कळते. 'महल'च्या यशानंतर वर्षही उलटलं नाही तोच, 1950 च्या ऑगस्टमध्ये खेमचंद प्रकाश गेले. हे ठाऊक असलेला वाचक पुढच्या पानांवर त्यांचं नाव विरळ होत जाताना पाहतो तेव्हा थबकतो.

आणि एक गंमत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगायलाच हवी. 'महल'मधल्या त्या एका गाण्याची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, 'कामिनी' असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. त्या काळातल्या कितीतरी तबकड्यांवर अशी पात्रांचीच नावं आहेत. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, ही कामिनी कोण? मग चौकशी झाली आणि नाव जाहीर झालं. माझ्या मते गीतकोशासारख्या कामाचं बीज त्या पत्रांत आहे. गाणं आवडलं, आता ते कोणाचं हे कळल्याशिवाय चैन पडेना, ही ती अस्वस्थता. 'हिंदी फिल्म गीत कोश' हा त्या अस्वस्थतेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत संयमी आविष्कार आहे, आणि मी तो कादंबरीसारखा वाचत आलो आहे.

हा कोश कानपूरला झाला. मुंबईत नाही, कुठल्या विद्यापीठात नाही, कुठल्या फिल्म कंपनीच्या दफ्तरात नाही. हरमंदिर सिंह 'हमराज़' या चाहत्याने तो संकलित केला. प्रकाशक म्हणून नाव आहे सतिंदर कौर यांचं. एकेका दशकाला एकेक खंड अशी आखणी. पण खंड निघाले त्यांचा क्रम पाहा: 1980 मध्ये निघाला तिसरा खंड, 1951 ते 60 चा. मग 1984 मध्ये दुसरा, 1941 ते 50 चा. 1986 मध्ये चौथा, साठच्या दशकाचा. पहिला खंड, 1931 ते 40 चा, 1988 मध्ये. आणि 1991 मध्ये पाचवा, 1971 ते 80 चा. या क्रमात मला संकलकाची सगळी कहाणी वाचता येते. जिथे कागद, तबकड्या आणि माणसं अजून हाताशी होती तिथून सुरुवात झाली आणि मग हळूहळू मागे, अंधाराकडे वाटचाल झाली. बोलपटाच्या पहिल्या दशकाला 1988 पर्यंत थांबावं लागलं, कारण तिथे प्रत्येक ओळ उकरून काढायची होती.

उकरायची म्हणजे कुठून? चित्रपटगृहाच्या दारात पूर्वी पातळ चोपडी विकत मिळायची. तिच्यात कथेचा सारांश, तोही उत्सुकतेच्या टोकावर तोडलेला, पात्रपरिचय आणि गाण्यांचे शब्द. प्रेक्षक ती घरी नेऊन गाणी पाठ करत. संशोधकासाठी ती चोपडी म्हणजे पहिला साक्षीदार. दुसरा साक्षीदार तबकडी आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या सूच्या. तिसरा साक्षीदार प्रत्यक्ष चित्रपट, पण तो बहुतेक वेळा गैरहजर, कारण प्रिंटच उरलेली नाही. चौथे साक्षीदार चाहते: देशभर पसरलेले, एकमेकांना कधी न भेटलेले, पोस्टकार्डांवरून एकेका गाण्याचा पत्ता लावणारे. 'लिस्नर्स बुलेटिन' हे हमराज़ यांचं छोटं नियतकालिक या मंडळींना जोडून ठेवायचं. सुरतेच्या हरीश रघुवंशींनी 'मुकेश गीत कोश' केला आणि पुढे गुजराती चित्रपटगीतांचाही कोश रचला. मुंबईत विश्वास नेरूरकरांनी संगीतकारांच्या आणि गायकांच्या गीतसूच्या एकामागून एक सिद्ध केल्या. लताबाईंवरची त्यांची 'गंधार' ही सूची जाणकारांच्या हाताशी कायम असते. हे सगळे हौशी लोक. हौस या गोष्टीला आपण फार हलकं समजतो. पण पगार देऊन असं काम कोणाकडून करून घेता आलं असतं, असं मला वाटत नाही.

पहिल्या खंडातली पहिली मोठी नोंद अर्थातच 'आलम आरा'. 14 मार्च 1931, मुंबईचं मॅजेस्टिक सिनेमा, इंपीरियल फिल्म कंपनी, अर्देशीर इराणी. गाणी सात. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत. चित्रपटाची एकही प्रत आज जगात नाही. म्हणजे भारतीय बोलपटातलं पहिलंवहिलं गाणं, जे वझीर मोहंमद खान यांनी फकिराच्या भूमिकेत गायलं, ते कोणालाही ऐकता येणार नाही. त्याचे शब्द उरले, चाल आठवणीतून कोणी गुणगुणली तेवढी उरली. ही नोंद वाचताना अंगावर काटा येतो. एरवी सूची आपल्याला वस्तूकडे घेऊन जाते. इथे वस्तू नाहीशी झाली आहे आणि सूचीतली नोंद हेच तिचं अस्तित्व झालं आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास गाणी होती. त्या एका चित्रपटाची यादी वाचायला जितका वेळ लागतो, तितक्यात आजचा अख्खा चित्रपट गाण्यांतून मोकळा होतो. पण त्या सत्तरांतलं आज आपल्याला काय ऐकू येतं?

आता मला या कोशातला सर्वांत आवडलेला गुण सांगतो. तो आहे त्यातली कोरी जागा. गाण्याचा मुखडा आहे, पण गायकाचं नाव नाही. चित्रपट आहे, गीतकार नाही. पहिल्या खंडात अशा जागा फार. जुन्या गाण्यांवर चर्चा करणारे लोक आजही म्हणतात, 'गीतकोश इथे गप्प आहे.' ही चुप्पी फार मोलाची. तीसच्या दशकात नटनट्या स्वतःच गात, तेव्हा नायिकेचं नाव उचलून गायिकेच्या रकान्यात टाकून द्यायला कोण अडवणार होतं? बहुतेक वेळा ते बरोबरही निघालं असतं. पण 'बहुतेक' हा शब्द कोशकाराला चालत नाही. 'अछूत कन्या' (1936) घ्या. तिच्यात एक गाणं पडद्यावर चंद्रप्रभा गाताना दिसते, आवाज मात्र तिची बहीण आणि चित्रपटाची संगीतकार सरस्वतीदेवी यांचा. आणि या दोघींची ही नावंसुद्धा पडद्यापुरती. सरस्वतीदेवी मूळच्या खुर्शीद आणि चंद्रप्रभा मूळच्या माणिक मिनोचर-होमजी. पारशी घरातल्या मुली सिनेमात गेल्या म्हणून समाजात केवढं वादळ उठलं होतं. दिसतं त्यावरून नाव लिहिणारा माणूस इथे दोनदा फसला असता. म्हणून कोरी जागा सोडणं ही कोशातली सर्वांत कठीण कृती. ज्याचं गाण्यांवर प्रेम आहे त्याला ती जागा रोज टोचत असणार, तरी त्याने ती भरली नाही. इतकं स्वच्छ प्रेम मी फार थोड्या समीक्षेत पाहिलं आहे.

यातूनच मला आपल्याकडची जुनी परंपरा आठवते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं मिळवत, कागद नकलून घेत आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने खंड काढत. नावातच भूमिका होती: ही साधनं आहेत, इतिहास पुढे लिहायचा आहे. गीतकोशाचं स्थान मी त्याच रांगेत मानतो. विषय चित्रपटगीतांचा म्हणून कोणी भुवया उंचावल्या तर उंचावू देत.

तबकडीच्या क्रमांकांचा रकाना अनेक वाचक सोडून देतात. तो वाचायची सवय लावून घ्यावी. 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला दोन बाजू, एका बाजूला साधारण तीन मिनिटं, पण दोन्ही बाजूंना मिळून क्रमांक एकच. क्रमांकाआधीची अक्षरं कंपनीचं आणि मालिकेचं नाव सांगतात: एचएमव्हीचं 'एन', कोलंबियाचं 'जीई', ट्विनचं 'एफटी'. यादीत दोन गाण्यांसमोर एकच क्रमांक दिसला की समजावं, ही दोन गाणी पाठीला पाठ लावून जन्मली. ज्याने एक विकत घेतलं त्याच्या घरी दुसरं आपोआप आलं. एखादं दुय्यम वाटणारं गाणं एका पिढीला तोंडपाठ का होतं, याचं उत्तर कधी कधी इथे सापडतं. लांबलचक कव्वाली असेल तर ती दोन बाजूंवर तोडलेली, भाग एक आणि भाग दोन. ती तोडण्याची जागा कुठली निवडली, हाही ऐकण्याचा विषय आहे. आणि ज्या गाण्यासमोर क्रमांकच नाही, ते एक तर तबकडीवर आलंच नाही किंवा आलेली तबकडी कोणाला सापडली नाही. तबकडीवर न आलेलं गाणं फक्त थिएटरात ऐकू आलं, आणि चित्रपट उतरला तेव्हा तेही उतरलं.

मग नावांची भानगड. या कोशाचा खरा थरार मला इथे वाटतो. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. आपले सी. रामचंद्र, अण्णा. चाळीसच्या दशकातली पानं उलटताना हा माणूस वेगवेगळ्या नावांनी भेटतो. सुरुवातीच्या 'सुखी जीवन' (1942) सारख्या चित्रपटांत राम चितळकर. काही स्टंटपटांत अण्णासाहेब. एके ठिकाणी श्यामू. गाताना नुसते चितळकर. आणि मोठं नाव झालं ते सी. रामचंद्र म्हणून. विखुरलेल्या श्रेयनामावल्यांत ही चार-पाच वेगवेगळी माणसं आहेत. कोशाच्या पानांवर ती एकमेकांजवळ येतात आणि वाचकाच्या मनात त्यांचा एक माणूस होतो. मग 'पतंगा'मधलं शमशादबाईंबरोबरचं ते टेलिफोनवरचं द्वंद्वगीत ऐकताना पुरुषाचा आवाज आणि चाल एकाच गळ्यातून आलेत, ही जाणीव गाण्याला नवी चव देते. त्याच आवाजाने पुढे 1951 मध्ये 'अलबेला'त भगवानदादांना नाचवलं. भगवानदादांच्या हाताखालीच 'सुखी जीवन' झाला होता, हेही त्याच कोशात सापडतं. नऊ वर्षांची ही मैत्री दोन नोंदींत मावते.

याची मराठीतली बहीण म्हणजे 'आनंदघन'. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांच्या संगीतासमोर हे नाव आहे. 'साधी माणसं'ला पुरस्कार मिळाला तेव्हा हे नाव कोणाचं हे सर्वांसमोर आलं: लता मंगेशकर. आता सूची करणाऱ्याने काय करावं? श्रेयनामावलीत जे छापलं ते 'आनंदघन', खरं नाव वेगळं. एक लिहिलं तर कलावंताच्या इच्छेचा मान राहतो, दुसरं लिहिलं तर वाचकाची सोय होते. माझं मत स्पष्ट आहे. छापलेलं नाव आधी, खरं नाव त्याच्या शेजारी. कलावंताने घेतलेलं नाव हीसुद्धा त्याची निर्मितीच असते.

पण गीतकाराच्या रकान्यातला सर्वांत सुंदर पेच प्रभातच्या 'संत तुकाराम'ने (1936) निर्माण केला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम, केशवराव भोळ्यांचं संगीत. चित्रपटात तुकोबांचे अभंग आहेतच. पण बीज आणि वृक्षाच्या दाखल्याने सुरू होणारा जो अभंग लोकांच्या मनात सर्वांत खोल रुजला, तो तुकोबांचा नाही. तो शांताराम आठवल्यांनी लिहिला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की लोक गाथेत तो शोधत बसले. आजही कीर्तनात, देवळात, सकाळच्या रेडिओवर तो ऐकणाऱ्या कितीतरी जणांना तो तुकोबांचाच वाटतो. एका कवीला याहून मोठी पावती कोणती? आणि याहून मोठा अन्याय तरी कोणता? ती पावती आणि तो अन्याय या दोन्हींची नोंद घ्यायला सूचीतला एक छोटा रकाना पुरतो: गीत, शांताराम आठवले. एवढे शब्द वाचले की ऐकणंच बदलतं. तुकोबांची भाषा आत मुरवून घेतलेला, विसाव्या शतकातला एक तरुण गीतकार त्या ओळींच्या मागे उभा दिसायला लागतो. केशवरावांची चाल मग केवळ भक्तीची राहत नाही. या नव्या शब्दांना जुनेपण देण्याचं काम तीही करत असते. अभंगाची ठेवण, टाळाचा साधा ठेका, पागनीसांचा विनाअलंकार स्वर: सगळ्यांनी मिळून एका नव्या रचनेला तीनशे वर्षांचं वय दिलं आहे. हे रसग्रहण नोंदीशिवाय शक्यच नव्हतं.

त्याच प्रभातच्या 'कुंकू'त (1937) शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. हिंदीतल्या 'दुनिया न माने'तही ती आहे. मराठी चित्रपट, इंग्रजी गाणं, अमेरिकन कवी, चाल केशवराव भोळ्यांच्या हाताखालची. 'माणूस'मध्ये तर एकाच गाण्यात अनेक भाषांतली कडवी आहेत. भाषावार कोश करणाऱ्याने ही गाणी कुठे ठेवावीत? मला वाटतं असा प्रश्न पडणं हेच त्या गाण्यांचं मोठेपण. रकाने आखल्याशिवाय त्या रकान्यांबाहेर काय वाहतं ते दिसत नाही.

आकड्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण इथे या हौशी माणसांनी एक मोठं काम केलं. गिनेस बुकाच्या 1974 च्या आवृत्तीत लताबाईंच्या नावावर पंचवीस हजारांहून कमी नाहीत इतकी ध्वनिमुद्रणं नोंदली गेली. मोहंमद रफींच्या बाजूने अठ्ठावीस हजारांचा दावा पुढे आला. नंतरच्या आवृत्तीत लताबाईंचा आकडा तीस हजारांवर गेला. वृत्तपत्रांनी हे आकडे मिरवले, चाहत्यांनी त्यावरून भांडणं केली. इकडे सूची करणारे लोक गाणं गाणं मोजत होते. त्यांच्या हिशेबात लताबाईंची हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास भरली, रफीसाहेबांची त्याच घरातली. इतर भाषांतली गाणी आणि गैरफिल्मी रचना मिळवल्या तरी पंचवीस-तीस हजारांच्या आसपासही ती जात नाहीत. 1991 मध्ये गिनेसने ती नोंद काढूनच टाकली. काही चाहते यामुळे दुखावले. मला उलट वाटतं. पाच हजार गाणी, आणि त्यातली इतकी गाणी पुन्हा पुन्हा ऐकावीत अशी, हा आकडा माणसाचा आहे. त्यात रियाज दिसतो, दिवसाला दोन-तीन ध्वनिमुद्रणांची दगदग दिसते, आजारपणाची आणि भांडणांची वर्षं दिसतात. तीस हजार या आकड्यात काहीच दिसत नाही.

सूची करणाऱ्या माणसाचा कान कसा घडतो, याचं श्रेय रेडिओला द्यायला हवं. 1952 मध्ये नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असा तेव्हाचा विचार. मग देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे निवेदक चित्रपटाचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार सगळं सांगायचे. सकाळी जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम, शेवटचं गाणं नेमाने सैगलचं. त्या निवेदनांनी घराघरात वह्या उघडल्या. रकाने आखलेली वही, पेन्सिल, आणि निवेदकाने नाव सांगताच भराभर लिहिणारा हात. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली तोवर या वह्या पुष्कळ भरल्या होत्या. मीही अशीच वही ठेवतो, आणि तिचा मला झालेला फायदा सांगतो. लिहायचं आहे म्हटल्यावर गाणं अर्धवट ऐकता येत नाही. आवाज कोणाचा, दुसरा आवाज कधी आला, कोरस कुठे आहे, सुरुवातीचा शेर मोजायचा की मुखडा मानायचा, हे सगळं ऐकावं लागतं. चित्रपटातली आणि तबकडीवरची आवृत्ती वेगळी असेल तर कुठलं कडवं गळलं तेही शोधावं लागतं. गळलेलं कडवं सापडलं की आनंद होतो, तो निव्वळ रसिकाचा आनंद असतो.

नोंदीची ही गरज भारतीय ध्वनिमुद्रणाच्या जन्मापासूनची. 1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाण्याच्या अखेरीस त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तबकड्या जर्मनीतल्या हानोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या लोकांना लेबलवर काय छापायचं ते कळावं म्हणून. म्हणजे आपल्या संगीतातल्या पहिल्यावहिल्या तबकड्यांवर कलावंतीण स्वतःच सूचीकाराचं काम करते आहे. त्या पहिल्या वर्षांची समग्र सूची पुढे केली ती मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने. मुंबईत 1990 मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आणि तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाने तबकड्यांच्या संग्राहकांना एकत्र आणलं. आणि या वाटेवरची पहिली मराठी हळहळही लिहून ठेवतो: भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये गेले, ध्वनिमुद्रणाचे यंत्रवाले येण्याच्या थोडंच आधी. 'सौभद्र' गाजवणारा तो आवाज कुठल्याच सूचीत येऊ शकत नाही.

गीतकोशात उणीव नाही का? आहे. पुढच्या शोधात अनेक कोऱ्या जागा भरल्या गेल्या, काही नावं बदलली. वादकांची नावं नाहीत, संगीत संयोजकांची नाहीत. ज्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या मंडळींनी त्या गाण्यांना व्हायोलिनचा पडदा दिला, त्यांना रकानाच नाही. पण तो रकाना चोपडीवर नव्हता, तबकडीवर नव्हता, पडद्यावरही क्वचित होता. कोशाने साक्षीदारांच्या पलीकडची साक्ष दिली नाही. संयोजकांचा आणि वादकांचा स्वतंत्र कोश व्हायला हवा, आणि तो व्हायला हवा तर आता, त्या वाद्यवृंदांतली उरलीसुरली माणसं आहेत तोवर.

कारण साधनं झपाट्याने संपतात. 2003 च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तिथे ठेवलेल्या नायट्रेट फिल्मी जळाल्या. जुन्या नायट्रेट फिल्मचा गुणच असा की ती एकदा पेटली की विझत नाही. पी. के. नायर यांनी 1965 पासून जे जे मिळेल ते गोळा करून उभ्या केलेल्या संग्रहाचा एक भाग असा गेला. लाखेच्या तबकड्या हातातून निसटून फुटतात. चोपड्यांचा कागद पिवळा पडून मोडतो. आणि सर्वांत आधी जातात त्या वह्या, कारण घर आवरणाऱ्याला त्यांत फक्त कोणाच्या तरी अक्षरातल्या याद्या दिसतात.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आजोबांच्या, मामांच्या, शेजारच्या कोणा काकांच्या कपाटात सिनेमाच्या चोपड्या, तबकड्या किंवा रकाने आखलेली वही असेल, तर ती रद्दीत किंवा जुन्या बाजारात जाण्याआधी एकदा उघडा. चोपडीचं मुखपृष्ठ आणि आतली पानं यांचे फोटो काढा. तबकडीच्या लेबलवरचा क्रमांक, कंपनीचं नाव, लेबलवर छापलेलं गायकाचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या, तिथे 'कामिनी' असेल तर 'कामिनी'च लिहा. लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक असतो, तोही लिहा. वही कोणाची, कुठल्या गावची, साधारण कुठल्या वर्षांतली, हे तिच्या पहिल्या पानावर नोंदवा. आणि घरात जागा नसेल तर पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे विचारा.